आजची कँडल धरायची की नाही?

आमच्या नाशिकच्या ग्रुपवर दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी टाकतंच, "भाऊ, ब्रेकआउटचा चांगला एएफएल असेल तर पाठवा ना." ब्रेकआउट म्हणजे शेअरने आधीचा वरचा भाव ओलांडणं, आणि एएफएल म्हणजे ॲमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म्युला लिहायची भाषा. मग कुठूनतरी फॉरवर्ड होत आलेली लांबलचक फाईल येते, त्यात लाल-हिरवे बाण, कोपऱ्यात चौकटीत ट्रेंड लिहिलेला, आणि आत काय चाललंय ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. अहो, स्वतःच्या चार ओळी लिहा की! ॲमीब्रोकर असो, ट्रेडिंगव्ह्यूचं पाइन स्क्रिप्ट असो नाहीतर चार्टइंक साइटवर माऊसने जुळवलेला स्कॅन (अटीत बसणारे शेअर गाळून देणारी चाळणी), गणित सगळं शाळेतलंच आहे. गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, आजची कँडल, म्हणजे चार्टवरचा आजच्या भावांचा बार, हिशोबात धरायची की नाही.

सातपूरला वर्कशॉप असलेला एक मित्र मागे म्हणाला, "अरे, स्कॅनला एक पण शेअर येत नाहीये, डेटा गंडलाय बहुतेक." फॉर्म्युला बघितला तर, क्लोज > एचएचव्ही(हाय, २०). म्हणजे २० दिवसांच्या सगळ्यात वरच्या भावाच्या वर बंद झालेले शेअर दाखव. वाचायला एकदम बरोबर वाटतं. पण त्या २० दिवसांत आजचा दिवस पण आला, आणि आजचा क्लोज आजच्याच हायच्या वर कसा जाणार? मार्केट कितीही पळू दे, उत्तर शून्यच. त्याला रेफ(एचएचव्ही(हाय, २०), -१) करायचं, म्हणजे मोजणी कालपर्यंतची होते. पाइनमध्ये शेवटी चौकटी कंसात १ टाकायचा. झालं, एवढंच.

हा प्रकार निदान लगेच कळतो तरी, कारण स्कॅन रिकामा येतो. व्हॉल्यूमवाला, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले ते बघणारा, जास्त बेरकी आहे. आजचा व्हॉल्यूम २० दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट, असं लिहिलं की त्या सरासरीत आज पण मिसळतो. समजा आधीचे १९ दिवस रोज १ लाख शेअर झाले आणि आज २ लाख झाले, तर सरासरी होते १ लाख ५ हजार, तिची दुप्पट २ लाख १० हजार, आणि तुमचा दुप्पट व्हॉल्यूमवाला शेअर यादीत येतच नाही. त्याला यायला २ लाख ११ हजारांच्या वर जावं लागतं. बाकीचे शेअर येत असतात ना, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही.

आणि ज्यांना सरासरीचा कंटाळा येतो ते लिहितात 'आजचा व्हॉल्यूम कालच्या दुप्पट'. त्यांनी दिवाळीनंतर स्कॅन चालवून बघावा. २०२५ ला २१ ऑक्टोबरला मुहूर्ताचं ट्रेडिंग दुपारी १:४५ ते २:४५, एकच तास, २२ ला पाडव्याची सुट्टी, आणि २३ ला पूर्ण दिवस. आता त्या एका तासाच्या 'काल'शी पूर्ण दिवस लावला तर शेअरची रांगच लागणार ना! मी तो दिवस सरळ वगळतो.

रेफच्या आतलं चिन्ह मात्र डोळ्यात तेल घालून बघा. उणे म्हणजे मागचा बार, अधिक म्हणजे पुढचा, आणि सॉफ्टवेअर जुन्या डेटात उद्याचा क्लोज तुम्हाला निमूटपणे देतं. मग बॅकटेस्टचा (जुन्या डेटावर फॉर्म्युला चालवून बघितल्याचा) ग्राफ असा काही वर जातो की माणूस नोकरी सोडायचं बोलायला लागतो. झिग, पीक, ट्रफ ही चार्टवरची शिखरं-दऱ्या शोधणारी फंक्शन्स पण त्याच पंक्तीतली, त्यांना शिखर कळतं ते पुढचे बार बघून. कांद्याचा भाव टॉपला कधी होता हे लासलगावात सगळ्यांनाच सांगता येतं, पण तो पडल्यावर! विकली भाव डेली चार्टवर आणताना टाइमफ्रेमएक्सपांड या फंक्शनला एक्सपांडफर्स्ट हा पर्याय दिला तरी तेच, शुक्रवारचा क्लोज सोमवारीच हजर.

इंट्राडेवाल्यांचं, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांचं, अजून एक. आपलं मार्केट ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं. तासाच्या कँडल घेतल्या तर ६ पूर्ण आणि शेवटची १५ मिनिटांची चिमुकली उरते, आणि फॉर्म्युला तिला पण पूर्ण तासच समजतो, रेंज छोटी, व्हॉल्यूम छोटा, सगळंच वाकडं. म्हणून आपल्याकडे ७५ मिनिटांची कँडल चालते, दिवसाला बरोबर ५.

तपासायचं कसं, तर ॲमीब्रोकरमध्ये फिल्टर = १ ठेवून (म्हणजे काही न गाळता सगळ्या ओळी दिसतात) एकच शेअर एक्सप्लोअर करायचा, ॲडकॉलमने फॉर्म्युल्याचा एकेक तुकडा वेगळ्या कॉलममध्ये काढायचा आणि पाच-सहा ओळी कॅल्क्युलेटरवर ताडून बघायच्या. बाण-रंग त्यानंतर.

आणि डेलीचा स्कॅन सकाळी ११ ला चालवून "काहीच नाही आलं" म्हणू नका, आजचा व्हॉल्यूम तेव्हा अर्धवटच असतो. अगदी ३:२९ चा स्कॅन आणि रात्रीचा स्कॅन यातही एखाददुसरा शेअर इकडेतिकडे होतो, कारण एनएसईचा क्लोज वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासाच्या सौद्यांच्या व्हॉल्यूमनुसार वेटेड सरासरीवर ठरत आलाय, शेवटच्या सौद्यावर नाही. मी आपला जेवण झाल्यावर, डेटा अपडेट झाला की चालवतो.