लाल फीत

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात पहिल्यांदा गेले तेव्हा डोक्यात एकच पक्षी होता, माळढोक. १९७९ साली हे अभयारण्य झालं ते त्याच्यासाठीच. एमएस्सीचा प्रकल्प म्हणून चार महिने पहाटेची बार्शी रोडची एसटी धरली. काळवीट रोज, धाविक आणि चंडोल भरपूर, लांडगा एकदा. माळढोक एकदाही नाही.

तो का दिसत नाही, ते तिथं उभं राहिलं की कळतं. कॅनॉलचं पाणी आलं तिथं ऊस आला. उघडा माळ म्हणजे पडीक असं समजून लोकांनी त्यावर झाडं लावली. वरून विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला कमी दिसतं. अंगानं जड, तार दिसेपर्यंत वळायला उशीर होतो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही जमिनीवर.

सर म्हणाले, "जे दिसतंय ते मोज." मग टिटवी.

एप्रिलात एका नांगरटीत घरटं सापडलं. घरटं कसलं, चार खडे आणि ढेकळांच्या रंगाची चार अंडी. शेतकरीमामांनी तेवढा तुकडा नांगरायचा सोडला होता. "उन्हात काय करायलाव ओ मॅडम?" म्हणत तांब्या पुढं केला. दुपारी ऊन असं की वही धरवत नव्हती. टिटवी ११.४० ला पाटावर गेली, पोट भिजवून ११.४६ ला परतली. अंड्यांवर बसली नाही, पाय ताठ करून सावली धरून उभी राहिली. पोटाचं पाणी थेंब थेंब अंड्यांवर.

जागा पुन्हा सापडावी म्हणून मी शेजारी काठी रोवून लाल फीत बांधली. माणसामुळं पक्ष्यांचं वागणं कसं बदलतं, हाच माझा विषय, बरं का! दुसऱ्या दिवशी अंडी नव्हती. टरफलसुद्धा नाही. कावळा असेल, मुंगूस असेल. पत्ता मीच दिला होता.

टिटवी दोन दिवस तिथंच टिवटिवत फिरली. तिसऱ्या आठवड्यात बांधापलीकडं पुन्हा बसली. मामांनीच फोन केला, "या, पण ते फीत-बीत आणू नका." आता बाभळीपासून पावलं मोजते. सत्तावीस.