यकृताच्या पोटातलं अंजीर

लॅटिनमध्ये यकृताला 'येकुर' म्हणत. षष्ठीत त्याचं 'योकिनेरिस' होई, म्हणजे मध्येच एक 'न' उगवे. संस्कृतात 'यकृत्'ची षष्ठी 'यक्नः'. तोच 'न'! दोन्ही शब्द एकाच मुळातले. मराठीत यकृत टिकलं, लॅटिनच्या लेकींनी मात्र येकुर टाकून दिला. इटालियन 'फेगातो', स्पॅनिश 'इगादो', रोमेनियन 'फिकात', फ्रेंच 'फ्वा' या सगळ्यांचं मूळ आहे 'फिकातुम', आणि 'फिकुस' म्हणजे अंजीर.

ग्रीकांकडे अंजीर चारून पोसलेल्या जनावराच्या यकृताला 'सिकोतोन' हे विशेषण होतं ('सिकोन' म्हणजे अंजीर). रोमनांनी त्याचं 'येकुर फिकातुम' केलं. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की हंसांप्रमाणेच डुकरिणींनाही सुकी अंजिरं चारून पुष्ट करत, मग मध घातलेली वाइन पाजून एकाएकी मारत. ही युक्ती तो एपिकियस या रोमन खवय्याच्या नावावर टाकतो. पुढे नाम गळालं, विशेषण उरलं. 'मोबाइल फोन'चा नुसता 'मोबाइल' झाला तसं. आधी ते खाण्यातलं यकृत होतं, नंतर माणसाचंही तेच झालं. ग्रीकमध्येही आज 'सिकोती'च म्हणतात.

आता आघात बघा, खरी गंमत तिथे आहे. फिकातुममध्ये आघात 'का'वर. रोमेनियनने तो जवळपास तिथेच ठेवला: फिकात, आघात शेवटच्या अक्षरावर. स्पॅनिशमध्येही तसंच झालं असतं तर उच्चारात 'गा'वर जोर आला असता. पण 'इगादो'त जोर 'इ'वर आहे, म्हणूनच लिहिताना त्या 'इ'वर आघातचिन्ह द्यावं लागतं. सुरुवातीचा 'फ' आधी 'ह' झाला आणि मग उच्चारातून गेला. लिपीत 'ह' अजून आहे. स्वरांमधले 'क' आणि 'त' मऊ होऊन 'ग' आणि 'द' झाले. कॅटलानमध्ये तर व्यंजनांनी जागाच बदलल्या: 'फेत्जे'.

फ्रेंचमध्ये सांभाळावं लागतं. 'फ्वा' हा एकच उच्चार तीन शब्दांचा आहे: यकृत, श्रद्धा आणि 'वेळा'. श्रद्धा 'फिदेम'मधून आली, 'वेळा' 'विकेम'मधून. यकृताशी दोन्हींचं नातं नाही. उच्चार ऐकून व्युत्पत्ती लावली की हमखास चुकते, जुनी रूपं तपासायलाच हवीत.

स्पॅनिशमध्ये 'इगो' म्हणजे अंजीर, ते 'इगादो'च्या शेजारी ठेवलं की नातं अजून दिसतं. रोमेनियनमध्ये अंजिराला 'स्मोकिना' हा स्लाव शब्द आला. तिथे अंजीर फक्त यकृतातच उरलं आहे.