‘दोन टनी’ फोर्कलिफ्ट दोन टन कधी उचलत नाही?

गोदामासाठी फोर्कलिफ्ट घेताना पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती टनी घ्यायची?’ त्याआधी टेप घेऊन रॅकमधली गल्ली मोजा.

मागे बिडाचं वजन असलेल्या नेहमीच्या काउंटरबॅलन्स गाडीला रॅकसमोर काटकोनात वळायला साधारण साडेतीन ते चार मीटर लागतात. गल्ली तीन मीटरच्या आतबाहेर असेल तर रीच ट्रक. तिचा मास्ट, म्हणजे माल उचलणारे काटे वरखाली नेणारा उभा सांगाडा, पुढे सरकून पॅलेट (माल रचायचा फळ्यांचा पाट) घेतो आणि पुन्हा पायांच्या मध्ये मागे येतो. दहा मीटरवरचा कप्पाही तिच्या आवाक्यात असतो, पण तिची चाकं लहान, पॉलियुरेथेनची. खडीच्या अंगणात नेली की टवके उडालेच. अंगणातलं काम डिझेल गाडीचं. तिला मात्र बंद शेडमध्ये आणू नये.

डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागी, हाताने पंप मारायचा हँड पॅलेट ट्रक किंवा बीओपीटी (बॅटरीवर चालणारा पॅलेट ट्रक) पुरतो. तिथे घोळ पॅलेटमुळे होतो. खालून आडव्या फळ्या असतील आणि काट्याखालचा रोलर नेमका फळीवर आला, तर पंप मारल्यावर माल वर जायच्या ऐवजी फळीच उखडते.

आता टनांकडे. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर ‘2000 किलो, 500 मिमी’ असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा कोणी वाचत नाही. तो काट्यांच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर सांगतो. 1000 मिमी खोलीच्या पॅलेटचा मध्य 500 वर येतो, 1400 मिमी लांब खोक्याचा 700 वर. पुढच्या आसापासून काट्यांची पाठ 450 मिमीवर धरली, तर हिशेब 2000 × 950 ÷ 1150, म्हणजे जेमतेम 1650 किलो. उंचावर हा आकडा आणखी उतरतो, साइड शिफ्टर (काटे डावी-उजवीकडे सरकवणारं अटॅचमेंट) बसवला तरी उतरतो. त्यामुळे नवं अटॅचमेंट लावलं की प्लेटही नवी हवी.

जास्त माल घेतल्याची पहिली खूण स्टिअरिंगवर कळते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, आणि तीच चाकं उचलली जाऊ लागतात. मग मागे दोन माणसं उभी करून ‘बॅलन्स’ साधण्याची जुनी खोड आहेच! गाडी दणकन खाली बसली की आधी तीच फेकली जातात.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचं वजनही तोलात धरलेलं असतं. लेड-अॅसिड काढून हलकी लिथियम बसवताना कमी झालेलं वजन लोखंडाने भरून काढावं लागतं. लेड-अॅसिडच असेल तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पाणी फुगतं आणि अॅसिड बाहेर येतं. बॅटरीतल्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढ्याच आधी बुडवून घ्या.

काटे जमिनीला घासत गाडी चालवली की त्यांची टाच, म्हणजे उभा आणि आडवा भाग जुळतो तो कोपरा, झिजते. चालताना ते 15-20 सेंटिमीटर वर आणि मास्ट मागे कललेला हवा. 40 मिमी जाडीचा काटा टाचेशी 36 वर आला की बदलायचा. वेल्डिंगची भर घालून चालत नाही.