हुरड्याला गेले, चपाती खाऊन आले

पंढरपूर सोडून मंगळवेढ्याच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना काळी रानं सुरू होतात. जानेवारीचा दुसरा आठवडा. एव्हाना आगटी पेटलेली असायला हवी. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकलेला गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. त्यासाठी मी पुण्याहून निघताना नाश्तासुद्धा टाळला होता.

मामांच्या रानात पोचले तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, जेमतेम कमरेएवढा. कणसं सोडाच, पीक अजून पोटरीतही नव्हतं, म्हणजे कणीस पोटात धरून ताट फुगलेलंही नव्हतं.

"पेरायलाच मिळालं न्हाई," मामा म्हणाले. "पाऊस उघडंना. जरा पेरणीजोगी घात आली म्हणावं, की पुन्हा सर. नोव्हेंबर उजाडला पाभर धरायला."

गंमत बघा, हे पीक पाणी मागतच नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरायचं, मग काळ्या मातीतल्या ओलीवर आणि थंडीवर ते आपलं आपण वाढतं. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या मातीचा मोठा वाटा. दुष्काळ या गावांच्या ओळखीचा. दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी कोठारं उघडली ती गोष्ट इथं पोरासोरांना पाठ. पण पाण्यानं पेरणी अडली तर काय करायचं, हे कुठल्याच गोष्टीत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला, तेव्हा मामांचं उगवून आलेलं रान पाण्याखाली गेलं होतं. हवा तापली की जास्त बाष्प धरते, आणि महिनाभराचा पाऊस चार दिवसांत ओतून मोकळी होते.

उशिरा पेरलं की पुढचं सगळंच लांबतं. दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली, ऊन तापलेलं; दाणा बारीकच राहतो. मामांनी एक पान उलटून माझ्या हातात दिलं. बोटांना काकवी लागल्यासारखं चिकट, आणि खालच्या पानांवर काजळी धरलेली.

"चिकटा. आभाळ आलं की पडतोच. ह्या कडब्याला गुरं तोंड लावत न्हाईत."

म्हणजे भाकरी गेलीच, दूधही गेलं. (शहरातल्या आमच्या 'मिलेट'च्या गप्पांत कडब्याचं नाव कधी निघत नाही.)

घरी मामींनी जेवायला वाढलं, तर ताटात चपाती! ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या या मुलखात, रेशनच्या गव्हाची. मी बघत राहिले तशी मामी जरा ओशाळल्या.

"इकतचा जोंधळा आणलाय गं, पण त्याच्या पिठाला इरी न्हाई, चिकटपणाच न्हाई. किती उकळतं पाणी घाल, थापताना कडा फाटत्यात. पाहुण्याला तसली भाकरी कशी वाढू?"

कोपऱ्यातल्या कणगीत आता जुनी पोती घडी करून ठेवलेली. त्याआधी अंगणात पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं तळघर, होतं म्हणे. ते बुजवून वर तुळस लावली, तेही मला आजच कळलं.

निघताना मामींनी चटणीचा डबा पिशवीत घातला.

"फेब्रुवारीच्या मध्याला ये. तवर हुरडा येईल."

"आभाळ न्हाई आलं तर," मामा दारातून म्हणाले.