जळालेल्या वाड्याचे सिंह

माद्रिदच्या राजवाड्यात ३,४१८ खोल्या आहेत. तिकिटावर त्यातल्या मोजक्याच बघता येतात, आणि आईच्या गुडघ्यांना तेवढ्याही जास्तच झाल्या. तरी मुख्य जिन्यावर ती खूश होती. "पायऱ्या बुटक्या आहेत गं, चढल्यासारखं वाटतच नाही." मग वर बघत म्हणाली, "पण तुळई कुठंच दिसत नाही?"

नसणारच. इथे आधी अल्काझार नावाचा जुना वाडा होता. १७३४च्या नाताळच्या आदल्या रात्री तो पेटला. घंटा वाजल्या, पण गावाला वाटलं मध्यरात्रीच्या प्रार्थनेच्या असतील! राजा दुसऱ्या महालात होता. लोकांनी चौकटीतून चित्रं सोडवून खिडक्यांतून खाली टाकली, तरी पाचशेच्या आसपास जळाली. म्हणून नवा वाडा दगडाचा, कमानदार छतं चढवून बांधला. १७३८ला काम सुरू झालं, स्पेनचा राजा तिसरा कार्लोस १७६४ला राहायला आला. "आपला शनिवारवाडा दगडाचा असता तर उरला असता," आई म्हणाली. पुणेकर आहे ती.

सजावटकार गास्पारिनीची खोली मला जरा डोक्यावरून गेली. भिंतींवर चांदीच्या तारेचं भरतकाम केलेलं रेशीम, छतावर चिनी फुलं-पानं, खाली रंगीत संगमरवरी वेलबुट्टी. डोळ्यांनी टेकायचं कुठे? आणि एवढं सगळं कशासाठी, तर राजाने दरबाऱ्यांसमोर कपडे घालावेत म्हणून. पोर्सेलीनची खोली, व्हायोलिन घडवणाऱ्या स्त्रादिवारीची नक्षीदार वाद्यं, हे सगळं मी भरभर ओलांडलं. आईने वाद्यांपाशी मात्र बराच वेळ काढला.

सिंहासनाच्या दालनात मान मोडेपर्यंत वर बघितलं. व्हेनिसचा चित्रकार त्येपोलो साठी ओलांडल्यावर इथे आला आणि १७६४मध्ये त्याने हे छत रंगवलं. मधला भाग नुसतं आभाळ, ढगांवर तरंगणारी माणसं. गंमत कडेला आहे: स्पेनच्या प्रांतांतली आणि अमेरिकेतली माणसं कठड्यावर दाटीवाटीने बसलीत, एखाद्याचा पाय तर खाली लोंबतोय असंच वाटतं. फोटोला बंदी होती, त्यामुळे निदान बघणं तरी झालं.

आई मात्र छताकडे फिरकलीच नाही. ती सिंहासनाशेजारच्या सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझच्या सिंहांसमोर उभी. एक पंजा गोळ्यावर, तोंड किंचित उघडं, कपाळावर आठी. १६५०च्या सुमाराला दरबारी चित्रकार वेलास्केसने इटलीत घडवून घेतलेले हे सिंह त्या आगीतून वाचले. "म्हणूनच रागावलेत," ती म्हणाली.

शेजारच्या नव्या संग्रहालयात चित्रकार काराव्हाज्जोची सालोमे आहे, बायबलमधली. ताटात मुंडकं धरलेलं, आणि ती त्याच्याकडे बघतही नाही. आईने पाठ फिरवली, "जेवायच्या आधी हे नको."

दुसऱ्या दिवशी प्रादो संग्रहालयात वेलास्केसचं चित्र 'लास मेनिनास' बघितलं. तेही त्याच आगीतून निसटलेलं. त्यातल्या छोट्या राजकन्येचा एक गाल तेव्हा खराब झाला, तो नंतर पुन्हा रंगवला. कुठला गाल ते आईने न सांगता ओळखलं.