तुम्ही विचारलंत म्हणून: वादळ येणार हे आधी कळत नाही का?

डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. सांगलीहून वन्सं, दापोलीहून काकू, पुण्यातल्या मैत्रिणी. टीव्हीवर अमेरिकेतल्या आमच्या बफेलो शहराचा बर्फ दिसला की प्रत्येकीचा प्रश्न तोच. "अगं, तुमच्याकडे एवढे उपग्रह, एवढी यंत्रं. वादळ येणार हे आधी कळत नाही का? आणि कळत असेल तर माणसं मरतात कशी?" फोनवर मी दर वेळी अर्धंच उत्तर देते, कारण दुसऱ्या प्रश्नाशी आलं की माझा घसा दाटतो. म्हणून आज लिहायला बसले.

कळतं. आधी हे सांगून टाकते. २०२२ च्या नाताळात आलेलं वादळ आम्हाला तीन-चार दिवस आधी माहीत होतं. किती वाजता वारा फिरेल, पारा किती उतरेल, तेही जवळजवळ तंतोतंत कळलं होतं.

आम्ही राहतो न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोच्या उत्तरेला ॲमहर्स्टमध्ये. इथल्या बर्फाचं मूळ एरी सरोवरात आहे. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांत हे सगळ्यांत उथळ, सरासरी खोली ६२ फूट. उन्हाळ्यात ते लवकर तापतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात हवा कडक झाली तरी पाण्यात ऊब शिल्लक असते. त्यावरून थंड हवा वाहू लागली की ती पाण्याची वाफ उचलते, ढग बांधते आणि किनारा लागताच सगळं ओतून मोकळी होते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण १३ अंश सेल्सिअसचा फरक पडला की हे सुरू होतं. सरोवर लांबट आहे, सुमारे २४० मैल, आणि बफेलो बरोबर त्याच्या पूर्व टोकाशी वसलंय. वारा लांबीच्या दिशेने आला की सगळा भार आमच्यावर.

सरोवर गोठलं की वाफेवर झाकण पडतं, आणि तेव्हा आमच्या जिवाला जरा स्वस्थता मिळते. पण १९७७ च्या जानेवारीत सरोवर गोठलेलंच होतं. त्या गोठलेल्या पाण्यावर साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला आणि शहरावर आणून टाकला. २९ माणसं गेली.

इथे बर्फ सरसकट पडत नाही, पट्ट्याने पडतो. पट्टा दहा-पंधरा मैल रुंद असतो, कधी त्याहूनही अरुंद, आणि वारा जिकडे वळेल तिकडे सरकतो. नैऋत्येचा असेल तर बफेलो आणि आम्ही. थोडा पश्चिमेकडे झुकला तर दक्षिणेकडची गावं. मुंबईकरांना हे पटकन समजेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. इथेही तसंच.

२०१४ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, मी कामावर नवव्या मजल्याच्या खिडकीशी उभी होते. माझ्याकडे लख्ख ऊन. दक्षिणेला पाहिलं तर जमिनीपासून आभाळापर्यंत करड्या ढगांची भिंत, कड सुरीने कापल्यासारखी सरळ. त्या भिंतीच्या आत, ऑर्चर्ड पार्कला, माझी मैत्रीण होती. तिने फोनवर सांगितलं, "दार उघडलं तर समोर बर्फाचं दार आहे, आपल्या दाराच्या नक्षीचा ठसा उमटलेलं." तिकडच्या काही गावांत त्या आठवड्यात पाच फुटांच्या वर बर्फ पडला. आमच्या अंगणात फक्त फावडं भिजलं. तेव्हापासून मी आकड्यांच्या आधी वाऱ्याची दिशा वाचते.

अंदाज वाचायलाही शिकावं लागतं. हवामान खात्याचं बफेलोचं ऑफिस विमानतळावर आहे. ते आधी 'वॉच' देतात, म्हणजे शक्यता आहे, तयारीला लागा. मग 'वॉर्निंग', म्हणजे आता येतंच आहे. 'ब्लिझर्ड वॉर्निंग' बर्फ किती फूट पडेल याबद्दल नसते, हे मला इथे येऊन बरीच वर्षं कळलं नव्हतं. ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलापलीकडचं न दिसणं, हे तीन तास टिकलं की ब्लिझर्ड. फूटभर बर्फात माणूस वाट काढतो. हाताची बोटं दिसत नाहीत तिथे स्वतःचं फाटकही सापडत नाही. या ऑफिसातले हवामानतज्ज्ञ दिवसातून दोन-चार वेळा एक टिपणही लिहितात, आकडे कुठून आले आणि शंका कुठे आहे ते त्यात साध्या गद्यात असतं. मी ते सकाळच्या चहाबरोबर वाचते. शंका मोकळेपणाने लिहिणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसतो.

आता तयारी. काकूंना मी सांगते, आगोट भरतो तसंच. दापोलीला मृग लागायच्या आत आई उकडे तांदूळ, कोकम, मीठ, सुकी मासळी, पडवीत लाकडं, असं सगळं लावून घ्यायची. एकदा पाऊस धरला की बाजार लांब पडतो हे तिला कुणी सांगावं लागत नसे. इथली आगोट ऑक्टोबरात. तीही चुकू शकते: आम्ही आलो त्या वर्षी, २००६ ला, १२ ऑक्टोबरलाच बर्फ आला, झाडांवर पानं असताना. ओला, जड बर्फ. रात्रभर फांद्या मोडत होत्या, बंदुकीसारखा आवाज करत. लाखो घरांची वीज गेली. आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी एकाच गोधडीत.

त्या रात्रीने शिकवलं की इथे गॅसची भट्टीसुद्धा विजेशिवाय घर तापवत नाही, पंखाच फिरत नाही. म्हणून विजेऱ्या, पॉवर बँक, तीन-चार दिवसांचं पाणी. लोक दूध-पावाला धावतात. मी डाळ-तांदूळ, मेतकूट आणि काडेपेटी बघते, कारण वीज नसली तरी शेगडी काडीने पेटते. मात्र शेगडीवर घर तापवायचं नाही, कधीच नाही, विषारी वायू साठतो. गाडीची टाकी भरायची. कडाका पडणार असेल तर नळ बारीक धारेने सोडून ठेवायचा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, नाहीतर पाइप फुटतात. दारातला बर्फ वितळवायला टाकायचं साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा दुसरं घेऊन ठेवायचं. औषधं पंधरा दिवसांची.

यादी सांगता येते. २०२२ सांगणं अवघड आहे.

२३ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी पाऊस होता. मग वारा फिरला, काही तासांत पारा कोसळला आणि खिडकीबाहेरचं जग पुसून गेलं. समोरचं घर नाही, आमचंच अंगण नाही. असं ३७ तास. शनिवारी पहाटे दोनला भट्टी बंद पडली. वीज होती, तरी बंद. ह्यांच्या लक्षात आलं, धूर बाहेर टाकणारा पाइप बुजला असणार. तो घराच्या बाजूला, दारापासून पंधरा पावलांवर, जमिनीपासून दीड फुटावर. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मी ह्यांच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून दारात उभी राहिले. दुसऱ्या पावलाला हे दिसेनासे झाले. फक्त दोरी हातात सरकत होती. मग ती थांबली. वाऱ्यात हाक पोचत नव्हती, म्हणून ठरलं होतं, दोन हिसके म्हणजे ठीक. मी मोजत राहिले. नव्वदपर्यंत मोजलं असेन, तेव्हा दोन हिसके आले. पाइपाचं तोंड बर्फाने गच्च भरलं होतं. ह्यांनी हातमोज्यांनी उकरलं. परत आले तेव्हा पापण्या चिकटल्या होत्या. घर हळूहळू तापलं. भिंतीला टेकून आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही.

त्या वादळात बफेलो आणि आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी गारठलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून, कुणी रुग्णवाहिकेची वाट बघत. रुग्णवाहिका येऊच शकत नव्हत्या. अग्निशमन दलाच्या गाड्याही अडकल्या होत्या. शहरात जीव गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते.

वन्सं, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. अंदाज चुकला नव्हता. पण गाड्या चालवायला बंदी लागू झाली शुक्रवारी सकाळी साडेनऊला, आणि जाहीर झाली त्याच्या तासभरही आधी नाही. तोवर कितीतरी माणसं कामावर पोचली होती किंवा वाटेत होती. कामावर गेल्याशिवाय ज्याला पगार मिळत नाही, त्याने अंदाज वाचून काय करायचं? ज्याच्या घरी चार दिवसांचं सामान एकदम आणायला पैसे नाहीत, तो वादळाच्या दिवशीच दुकान शोधत निघतो. माझ्याकडे आगोट भरायला पैसे होते, गाडी होती, घरून करता येणारं काम होतं. हे मी विसरू शकत नाही. इशारा द्यायचा तर 'बाहेर पडू नका' एवढंच पुरत नाही. आदल्या रात्री बंदी लागायला हवी, मालकांनी सुट्टी आदल्या दिवशी द्यायला हवी, आणि मदत पोचणार नाही हेही स्वच्छ सांगायला हवं. माझ्या ओळखीची एक नर्स तीन दिवस रुग्णालयातच राहिली, तिच्या जागी येणारी येऊ शकली नाही म्हणून. नाताळच्या दिवशी तिने मला फोन करून विचारलं, मेतकूट आहे का गं तुझ्याकडे.

आता वॉच लागला की मी तीन फोन करते. पलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी, ऑर्चर्ड पार्कची मैत्रीण आणि मागच्या वर्षी नागपूरहून आलेली दोन मुलं, जी भाड्याच्या खोलीत राहतात आणि रात्रपाळी करतात. मुलांना विचारते, पाळी कधी आहे, मालकाशी आजच बोललात का. आजींच्या पाइपाशी ह्यांनी उंच काठी रोवून लाल फडकं बांधलंय, आमच्या पाइपाशीही. दोरी दाराच्या खुंटीवर असते.