मेलेल्या हाडापर्यंत औषध पोहोचत नाही

हाडाच्या जुनाट संसर्गात, म्हणजे क्रॉनिक ऑस्टिओमायलायटिसमध्ये, पू येतो, आठ-दहा दिवस अँटिबायोटिक चालतं, पू थांबतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा वाहू लागतो. मग आणखी 'स्ट्राँग' गोळी. दोष बहुतेक वेळा गोळीचा नसतो. आत पू साठून दाब वाढतो, हाडावरचं आवरण सुटतं आणि हाडाचा एक तुकडा रक्ताविना मरतो. हा सिक्वेस्ट्रम. औषध रक्तावाटे जातं, आणि इथे रक्तच नाही. त्यात जंतू मृत हाडावर किंवा प्लेट-रॉडवर बायोफिल्मचा चिकट थर करून बसतात.

सुरुवात बहुधा उघड्या फ्रॅक्चरपासून, इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेनंतर, मधुमेही पायाच्या जखमेतून किंवा अंथरुणाला खिळलेल्यांच्या शय्याव्रणातून होते. सर्वाधिक सापडणारा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

सगळ्यात मोठी गफलत तपासणीत होते. त्वचेवर पडलेल्या छिद्रातून वाहणाऱ्या पुवाचा स्वॅब पाठवला जातो. त्यात त्वचेवरचे जंतू उगवतात, हाडातला खरा जंतू वेगळाच असू शकतो, आणि सहा आठवड्यांचा उपचार त्या रिपोर्टवर बेततात! नमुना शस्त्रक्रियेत खोलवरच्या हाडाचाच हवा: पाच वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक वेळी स्वच्छ हत्यार बदलून. रुग्ण स्थिर असेल तर अँटिबायोटिक त्याआधी साधारण दोन आठवडे बंद ठेवतात. ताप, सेप्सिस (संसर्गामुळे सगळ्या शरीराची बिघडलेली अवस्था) असेल तर थांबू नये. एक तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला, आणि एक क्षयाच्या तपासणीला जायलाच हवा. सीआरपी, म्हणजे रक्तातली दाह दाखवणारी तपासणी, नॉर्मल आला म्हणून संसर्ग नाही, असं समजू नये. एमआरआयमध्ये संसर्गाचा पसारा कळतो. सिक्वेस्ट्रम सीटीत जास्त स्पष्ट दिसतो.

उपचाराचा कणा म्हणजे डिब्राइडमेंट. हाडातून बारीक रक्तबिंदू फुटेपर्यंत मृत भाग खरवडायचा. सर्जन इथे हात आखडता घेतो, कारण जास्त काढलं तर हाड कमकुवत होतं. पण थोडं मृत हाड उरलं की पुढचं सगळं वाया. उरलेली पोकळी रिकामी ठेवायची नाही. जेंटामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक मिसळलेले हाडाच्या सिमेंटचे मणी, कॅल्शियम सल्फेट किंवा स्नायूचा फ्लॅप (शेजारून वळवलेला जिवंत स्नायू) घालून ती भरतात. मोठा तुकडा गेला असेल तर इलिझारोव्ह रिंग (पिनांनी हाडाला जोडलेली बाहेरची कड्यांची चौकट) लावून हाड रोज एक मिलिमीटर, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, सरकवतात. यात महिने जातात आणि पिनच्या जागा चिघळतात. हे रुग्णाला आधीच सांगावं.

औषध साधारण सहा आठवडे. ते सगळं शिरेतूनच हवं, हा समज गोळी आणि शिरेतलं औषध यांची तुलना करणाऱ्या 2019 च्या ओव्हिव्हा चाचणीने सैल केला: जंतूला लागू पडणारी गोळी नीट घेतली तर वर्षभरानंतरचा निकाल शिरेतल्या औषधापेक्षा कमी ठरला नाही. रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक एकटं कधीच द्यायचं नाही, प्रतिकार झपाट्याने तयार होतो. लिनेझोलिड हे दुसरं अँटिबायोटिक दोन आठवड्यांपुढे गेलं तर दर आठवड्याला रक्तपेशी, विशेषतः प्लेटलेट, मोजाव्या लागतात. धूम्रपान आणि बेताल साखर असेल तर उत्तम शस्त्रक्रियाही फसते.

'बरा झाला' हा शब्द जपून वापरावा. संसर्ग उलटण्याचा धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, पण तो कित्येक वर्षांनीही उलटलेला दिसतो. आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या छिद्राची कड अचानक जाड होऊ लागली, दुर्गंधी किंवा रक्तस्राव वाढला, तर अँटिबायोटिक न बदलता आधी बायोप्सी करावी. तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.